‘संत तुकाराम’ची कोणती प्रत पाहावी?
कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे आणि मोबाइल : जुन्या मराठी चित्रपटांच्या घरगुती प्रतींचा ताळेबंद

यवतमाळ, पुसद, वणी किंवा दिग्रस येथील चाळिशी ओलांडलेल्या प्रेक्षकास ‘संत तुकाराम’ कोठे पाहिला असे विचारले, तर उत्तरे निरनिराळी येतील. कोणी दूरदर्शनवर पाहिला, कोणी उत्सवाच्या मंडपात बांधलेल्या पडद्यावर, कोणी भाड्याच्या व्हीसीआरवर, तर कोणी बसस्थानकाजवळच्या दुकानातून घेतलेल्या व्हीसीडीवर. आताची पिढी तो मोबाइलवर पाहते. चित्रपट एकच असला तरी या सर्वांनी पाहिलेले चित्र एक नाही. काहींनी त्यातील चेहरे पाहिले, काहींनी केवळ चेहऱ्यांचे आकार पाहिले.

विष्णुपंत दामले व एस. फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला, विष्णुपंत पागनीस यांची प्रमुख भूमिका असलेला हा चित्रपट प्रभात फिल्म कंपनीने १९३६ मध्ये प्रदर्शित केला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. आज तो चित्रपटगृहात पाहण्याची संधी क्वचितच मिळते. त्यामुळे बहुसंख्य रसिकांपुरती घरातली प्रत हाच मूळ चित्रपट ठरतो. ती प्रत कोणत्या माध्यमावर आहे आणि कशापासून बनली आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ यंत्रांच्या शौकिनांचा राहत नाही.

मूळ चित्र किती मोठे?

त्या काळातील चित्रपट ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर, सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चित्रित होत. ‘संत तुकाराम’ची लांबी सुमारे १३१ मिनिटे आहे, म्हणजे १ लाख ८८ हजार ६४० स्वतंत्र छायाचित्रे. चौकटीचा आकार आजच्या दूरचित्रवाणी संचासारखा लांबट नव्हता. रुंदी व उंचीचे प्रमाण १.३७ ला १, म्हणजे जवळपास जुन्या, पोट फुगलेल्या संचाच्या काचेएवढेच असे. हा योगायोग जुन्या संचांच्या पथ्यावर पडला आणि नव्या संचांना मात्र अडचणीचा झाला. त्याविषयी पुढे येईलच.

कॅमेऱ्यातून निघालेली निगेटिव्ह ही सर्वांत तपशीलवार असते. तिच्यावरून दुसरी निगेटिव्ह, त्यावरून चित्रपटगृहासाठी प्रिंट, असा प्रवास होताना प्रत्येक पायरीवर काही तपशील गळतो, काळे अधिक काळे व पांढरे अधिक पांढरे होते. गणेशोत्सवात वा दुर्गोत्सवात दाखविल्या जाणाऱ्या १६ मिलिमीटरच्या प्रिंटची चौकट तर क्षेत्रफळाने ३५ मिलिमीटरच्या चौकटीच्या एकचतुर्थांशाहूनही लहान. तरीही ती चांगल्या अवस्थेत असल्यास पुढे आलेल्या कॅसेटपेक्षा सरस होती, हे मंडपात पुढे बसून पाहणाऱ्यांना ठाऊक आहे.

प्रभातच्या बाबतीत आणखी एक दुर्दैव ओढवले. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेली ही कंपनी पन्नासच्या दशकात बंद पडली. तिच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९५० च्या सुमारापर्यंतची फिल्म नायट्रेटची असे. ती झपाट्याने पेट घेते आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. याच आवारातील कोठारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेटची रिळे ठेवलेली होती. ८ जानेवारी २००३ रोजी तेथे आग लागली आणि प्रभातच्या रिळांसह मोठा ठेवा भस्मसात झाला. संग्रहालयाने पूर्वीच सुरक्षित फिल्मवर उतरवून घेतलेल्या प्रती वाचल्या, पण प्रतीवरून प्रत काढताना जे हरवते ते परत आणण्यासाठी मूळ रिळाकडे जाण्याची वाट बंद झाली. आज कोणी या चित्रपटांची कितीही उत्तम डिजिटल प्रत केली, तरी तिची कमाल मर्यादा वाचलेल्या रिळाने ठरवून दिलेली आहे.

कॅसेटचे युग : मुंग्या आणि सावल्या

१९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पाठोपाठ व्हीसीआर आले. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये आणलेली व्हीएचएस कॅसेट हेच त्या काळाचे नाणे होते. दोन-तीन कुटुंबांनी वर्गणी काढायची, रात्रभरासाठी यंत्र आणायचे आणि एका रात्रीत तीन चित्रपट उरकायचे, ही त्या दशकातील गावोगावची रीत होती.

व्हीएचएसवर चित्राची आडवी तपशीलक्षमता सुमारे २४० रेषांची असे. रंगांचा तपशील तर त्याच्या एका लहानशा अंशाएवढाच. म्हणूनच रंगीत चित्रपटात लाल लुगड्याचा रंग पदराबाहेर सांडलेला दिसे. कृष्णधवल चित्रपटांना ही दुसरी झळ लागत नसे, हे प्रभातचे भाग्य. मात्र कॅसेट ही चुंबकीय फीत असल्याने प्रत्येक वेळी वाजविताना ती झिजते आणि कॅसेटवरून कॅसेट उतरविली की मुंग्या वाढतात. भाड्याच्या दुकानातील प्रत बहुधा तिसऱ्या वा चौथ्या पिढीची असे. ‘माणूस’ (१९३९) या शांतारामांच्या चित्रपटातील रात्रीची दृश्ये, कंदिलाचा उजेड व भिंतीवरील सावल्या यांवर उभी आहेत. अशा प्रतीत सावली व अंधार यांच्यातील फरकच नाहीसा होतो. शाहू मोडक यांचा पोलीस शिपाई गणपत मग काळ्या डागातून बोलू लागतो.

आवाजाचेही तसेच. ‘कुंकू’ (१९३७) मध्ये पार्श्वसंगीत नाही. घरातील वस्तूंचे, माणसांचे, बाहेरचे नैसर्गिक आवाज हेच त्याचे संगीत. घड्याळाची टिकटिक वृद्ध नवऱ्याच्या वयाची आठवण करून देते. साध्या व्हीसीआरच्या फितीवरील ‘हिस्स’ अशा आवाजात ही टिकटिक बुडाली, तर बुडालेली गोष्ट सजावट नसून कथानकाचा भाग असते.

व्हीसीडी : स्वस्ताई आणि चौकडे

१९९३ मध्ये निश्चित झालेल्या व्हीसीडीच्या मानकाने युरोप-अमेरिकेत फारसे मूळ धरले नाही. आशियात, विशेषतः भारतात, मात्र तिने कॅसेटची जागा घेतली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची दहा-बारा वर्षे मराठी चित्रपट घराघरांत पोहोचविण्याचे श्रेय व्हीसीडीलाच द्यावे लागेल. विदर्भातील भारनियमनाच्या वेळापत्रकातून वाचलेल्या तासांत, चिनी बनावटीच्या स्वस्त प्लेअरवर, असंख्य कुटुंबांनी जुना मराठी चित्रपट प्रथमच पाहिला. या माध्यमाला नावे ठेवताना एवढे ऋण मान्य केलेच पाहिजे.

आता नावे ठेवण्याचा भाग. आपल्याकडील पाल पद्धतीच्या व्हीसीडीवरील चित्र ३५२ गुणिले २८८, म्हणजे १ लाख १ हजार ३७६ ठिपक्यांचे असते. त्यासाठी सेकंदाला सुमारे साडेअकरा लाख बिट एवढीच माहिती वापरता येते. इतक्या तुटपुंज्या शिदोरीत काम भागविण्यासाठी यंत्र चित्राचे लहान चौकोन पाडते आणि आधीच्या चौकटीपेक्षा जेवढे बदलले तेवढेच नोंदविते. पात्र शांत बसून बोलत असेल तर हे निभावते. सर्व काही एकाच वेळी हलू लागले की शिदोरी संपते आणि चित्राचे चौकडे होतात. ‘शेजारी’ (१९४१) चा शेवट आठवावा. धरण फुटते, पाणी उसळते, धूर व तुषार पडदाभर पसरतात. वाहत्या पाण्याचा प्रत्येक थेंब प्रत्येक चौकटीत नवा असतो. व्हीसीडीच्या तंत्राला याहून अवघड परीक्षा देता येणार नाही. गजानन जागीरदार व केशवराव दाते यांनी उभी केलेली दोन म्हाताऱ्यांची मैत्री ज्या क्षणी कसोटीस लागते, त्याच क्षणी पडद्यावर फरशीचे तुकडे नाचू लागतात.

एका तबकडीत ७४ मिनिटे मावत असल्याने चित्रपट दोन तबकड्यांत विभागला जाई. मध्यंतर कोठे असावे हे दिग्दर्शकाऐवजी तबकडीची क्षमता ठरवी. ‘श्यामची आई’ (१९५३) सारखा अडीच तासांचा चित्रपट असेल तर तिसरी तबकडी घालावी, ऐंशी मिनिटांच्या तबकड्या वापराव्यात की कात्री चालवावी, असा पेच निर्मात्यापुढे येई. कात्री हा सर्वांत स्वस्त उपाय. शिवाय कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह कायमचे उमटविण्याची खोड होतीच. कीर्तनकाराच्या कपाळावर दुकानाची पाटी लावावी, तसा हा प्रकार.

डीव्हीडी : उत्तम माध्यम, अधम माल

१९९६ च्या अखेरीस जपानमध्ये अवतरलेली डीव्हीडी भारतात घरोघर पोहोचण्यास आणखी दशकभर लागले. पाल पद्धतीत तिचे चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० ठिपक्यांचे असते. व्हीसीडीच्या चौपटीहून अधिक. ‘संत तुकाराम’मध्ये आवली (अभिनेत्री गौरी) आजारी मुलाला घेऊन विठ्ठलाच्या देवळात जाते आणि देवालाच जाब विचारते. त्या प्रसंगातील तिच्या चेहऱ्यावरचा संताप व हतबलता दोन्ही एकदम दिसणे, हे चांगल्या डीव्हीडीवर शक्य होते. व्हीसीडीवर बहुधा फक्त संताप दिसतो, कारण तो हातवाऱ्यांतूनही कळतो.

परंतु येथेच ग्राहकाची खरी फसगत झाली. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. १३१ मिनिटांचा एक चित्रपट तीत भरला, तर सेकंदाला सुमारे ४७ ते ४८ लाख बिट उपलब्ध होतात. ते पुरेसे आहेत. बाजारात मात्र ‘एकात तीन’ अशी जाहिरात केलेल्या डीव्हीडींचा सुळसुळाट झाला. त्याच जागेत तीन चित्रपट कोंबले की प्रत्येकाच्या वाट्यास सेकंदाला सुमारे सोळा लाख बिट येतात, आवाज धरून. व्हीसीडीचा आवाजासह हिशेब पावणेचौदा लाखांच्या आसपास होता. चित्राचे ठिपके चौपट आणि शिदोरी जवळपास तेवढीच! अशी डीव्हीडी कित्येकदा व्हीसीडीहूनही वाईट दिसते, ती यामुळेच. तिला डीव्हीडी म्हणायचे ते केवळ आकारावरून.

दुसरा दोष मुळातला. अनेक भारतीय डीव्हीडी फिल्मवरून बनविलेल्या नव्हत्या. दूरचित्रवाणीसाठी वा कॅसेटसाठी पूर्वी केलेल्या फितीवरूनच त्या उतरविल्या गेल्या. मोठे भांडे आणले म्हणून दुधात पाणी कमी होत नाही. त्यातही परदेशी बाजारपेठ डोळ्यांपुढे ठेवून कित्येक डीव्हीडी एनटीएससी पद्धतीच्या केल्या गेल्या. सेकंदाला २५ चौकटींची पाल फीत ओढूनताणून ३० चौकटींची केली की हलत्या वस्तूमागे भुताटकीसारखी दुसरी पुसट आकृती दिसू लागते. नव्या पडद्यांवर तर हलत्या हाताच्या कडांना कंगव्याचे दात फुटतात.

सुराचा घोळ

पाल पद्धतीचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात येत नाही, पण गाण्याचा कान असलेल्यांनी तो अवश्य तपासावा. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी धावते, पाल २५ चौकटींनी. साधा उपाय म्हणून फिल्मच किंचित वेगाने चालविली जाते. चित्र चार टक्के जलद होते, ते कोणास कळत नाही. १३१ मिनिटांचा चित्रपट १२६ मिनिटांत संपतो. आवाजही तेवढाच चढतो. हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये जेवढे अंतर असते, त्याच्या सुमारे सात दशांश एवढी ही चढण आहे. त्यामुळे पागनिसांचा अभंग काळी एकमध्ये असेल, तर तो ना काळी एकमध्ये राहतो ना पांढरी दोनमध्ये पोहोचतो. पेटीवर साथ करू पाहणाऱ्याची पंचाईत होते आणि आवाजातील शांतपणाला नकळत घाई लागते.

याचा एक उपयोगही आहे. तबकडीवर १२६ मिनिटे लिहिलेली दिसली की लगेच कात्रीचा संशय घेऊ नये. वेगाचा हिशेब करून पाहावा. ११० मिनिटे दिसली, तर मात्र संशय रास्त आहे.

मूकपटांची गत याहून बिकट. दादासाहेब फाळके यांचे ‘राजा हरिश्चंद्र’चे शिल्लक अंश किंवा ‘कालिया मर्दन’ (१९१९) हे हाताने फिरविलेल्या कॅमेऱ्याने, सेकंदाला २४ पेक्षा बऱ्याच कमी चौकटींनी चित्रित झालेले आहेत. ते आजच्या वेगाने दाखविले की माणसे तुरुतुरु पळतात आणि प्रेक्षक हसतात. त्या हसण्याचा दोष फाळके यांच्याकडे जात नाही. चुकीच्या वेगाने प्रत उतरविणाऱ्यांकडे जातो.

ब्लू-रे आणि जीर्णोद्धार

२००६ मध्ये आलेल्या ब्लू-रेचे चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपक्यांचे. व्हीसीडीच्या वीसपट. २०१६ मध्ये आलेल्या ‘फोर-के’ ब्लू-रेत हा आकडा ८२ लाख ९४ हजार ४०० वर गेला. येथे प्रथमच घरगुती माध्यम ३५ मिलिमीटर फिल्मच्या जवळ पोहोचले. फिल्मचा मूळ दाणा, खादीच्या सदऱ्याचा पोत, भिंतीवरच्या चुन्याचे पोपडे दिसू लागले. जुन्या मराठी चित्रपटांना मात्र या माध्यमाचा लाभ जवळपास झालाच नाही. ग्राहक कमी आणि तबकडी महाग असल्याने आपल्याकडील बाजार व्हीसीडी-डीव्हीडीवरून थेट मोबाइलवर उडी मारून गेला.

जीर्णोद्धार नीट झाला तर काय होऊ शकते, याचे उदाहरण बंगालीत आहे. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या हेंडरसन प्रयोगशाळेतील आगीत होरपळल्या. अमेरिकेतील अकादमीच्या संग्रहालयाने ते जळके अवशेष टाकून न देता जपले. पुढे क्रायटेरियन कंपनी व इटलीतील बोलोन्याची प्रयोगशाळा यांनी ती फिल्म रसायनांनी पुन्हा लवचिक करून चौकट-चौकट वाचविली. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के भाग त्यातून मिळाला, उरलेला अन्य प्रतींतून घेतला गेला आणि २०१५ मध्ये त्रयी ब्लू-रेवर आली. जुन्या डीव्हीडीवर राखाडी धुके वाटणारे काशफुलांचे शेत त्यात फुलांचे दिसते.

मराठीतही हालचाल झाली आहे. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाअंतर्गत २०२२ मध्ये सुमारे २२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ची ‘फोर-के’ प्रत नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविण्यात आली. राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरलेल्या या चित्रपटाला सत्तर वर्षांनी का होईना, न्याय मिळाला. मात्र यवतमाळच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने प्रश्न वेगळाच आहे. गोव्यातील पडद्यावरची प्रत घारफळच्या वा उमरखेडच्या घरात केव्हा आणि कशी पोहोचणार? जीर्णोद्धार झालेली प्रत महोत्सवांतून फिरत राहिली आणि लोकांच्या हाती जुनीच धूसर प्रत राहिली, तर खर्चाचा अर्धाच उपयोग झाला असे म्हणावे लागेल.

रंगीत चित्रपटांची कथा थोडक्यात. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) हा टेक्निकलरमधला. त्याच्या प्रिंटमधील रंग टिकाऊ. ‘पिंजरा’ (१९७२) ज्या काळात आला, त्या काळची ईस्टमन पद्धतीची रंगीत फिल्म नीट जपली नाही तर तिचा निळसरपणा आधी उडतो आणि सारे चित्र गुलाबी पडते. जुन्या प्रतीत आकाश व नऊवारी एकाच गुलाबी छटेत दिसले, तर तो छायालेखकाचा विचार नव्हे, हे लक्षात ठेवावे.

मोबाइलवरील ‘एचडी’

२०१६ नंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला आणि जुन्या चित्रपटांची तबकडी विकत घेण्याचे कारण बहुतेकांपुरते संपले. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. प्रभातचे चित्रपट या मुदतीबाहेर गेलेले आहेत. त्यामुळे ते कोणालाही इंटरनेटवर चढविता येतात आणि कोणीही चढवितो. सुलभता वाढली, जबाबदारी कोणाचीच उरली नाही.

‘एचडी’ वा ‘१०८०’ हे शब्द केवळ फाइलचा आकार सांगतात. व्हीसीडीवरील एक लाख ठिपके ताणून वीस लाख केले तरी नव्याने काही दिसत नाही. चौकडे मात्र मोठे होतात. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने जुने चित्र ‘स्वच्छ’ करण्याची टूम निघाली आहे. तिच्यात यंत्र हरवलेला तपशील शोधून काढत नाही, तो कल्पनेने रचते. सुरकुत्या पुसल्या जातात, डोळे चकाकतात आणि चेहरा मेणाचा होतो. केशवराव दाते यांच्या ‘कुंकू’मधील काकासाहेबांना सुरकुत्याच उरल्या नाहीत, तर फुटक्या आरशात पाहून ते कशासाठी खचतात, हेच कळेनासे होईल.

त्यात भर रुंद पडद्याची. जवळजवळ चौकोनी असलेले जुने चित्र १६ ला ९ या प्रमाणात बसविण्यासाठी एक तर ते ताणले जाते, म्हणजे माणसे बुटकी व जाडी होतात. नाही तर वरून-खालून कापले जाते, म्हणजे पगड्या आणि पाय गायब होतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसत असतील तर ते चित्र अपुरे नव्हे. तेच पूर्ण आहे. घरच्या संचावर ‘झूम’ वा ‘वाइड’ची निवड बदलून ४ ला ३ केल्यास निम्मा बिघाड कोणत्याही खर्चाविना दुरुस्त होतो.

प्रत पारखायची कशी?

विशेष उपकरणांची गरज नाही. श्रेयनामावली पाहावी. अक्षरांच्या कडा स्पष्ट असतील आणि चारही बाजूंना मोकळी जागा असेल, तर चित्र कापलेले नाही. पांढऱ्या धोतराची घडी दिसते का, हे पाहावे. धोतर नुसता पांढरा ठिपका असेल तर प्रत फार पिढ्यांनंतरची आहे. गाथा इंद्रायणीत बुडविली जाते तो प्रसंग लावून पाण्याकडे लक्ष द्यावे. पाणी वाहिले तर ठीक, पाण्याच्या फरशा झाल्या तर माहिती अपुरी पडली आहे. अखेरच्या वैकुंठगमनात गरुडाच्या विमानाभोवतीचे आकाश पाहावे. सौम्य छटांचे आकाश पायऱ्यापायऱ्यांचे झाले असेल, तर तोच निष्कर्ष. हीच प्रत जुन्या २१ इंची संचावर बरी दिसत होती, असे अनेक जण सांगतात. ते खरेच आहे. त्या काचेचा मऊपणा दोष झाकत असे. ४३ इंची सपाट पडदा काहीच झाकत नाही.

मग घरातील जुन्या कॅसेट व व्हीसीडी टाकून द्याव्यात काय? घाई करू नये. प्रभातच्या नामांकित चित्रपटांना कोठे ना कोठे बरी प्रत मिळेल. परंतु साठ ते नव्वदच्या दशकांतील कित्येक बेताचे यश मिळालेले मराठी चित्रपट सामान्य प्रेक्षकास व्हीसीडीखेरीज अन्यत्र सहज सापडत नाहीत. व्हीसीआरचे उत्पादन २०१६ मध्ये जगभरातून थांबले आणि व्हीसीडी प्लेअर दुरुस्त करणारेही विरळ झाले. यवतमाळचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो आणि पावसाळ्यातील दमट हवेत कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी बुरशी लागलेली कॅसेट यंत्रात घालू नये. ती हेड खराब करते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागण करते. कॅसेट उभ्या ठेवाव्यात, पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवू नयेत. तबकडीच्या छापील बाजूवर शाईच्या पेनने लिहू नये, कारण माहितीचा थर त्याच बाजूला, अगदी वर असतो. व्हीसीडीवरील ‘डॅट’ फाइल संगणकावर जशीच्या तशी उतरवून ठेवावी. ती लहान करण्यासाठी दुसऱ्या प्रकारात बदलली की उरलेसुरलेही जाते.

बंद पडलेल्या चित्रपटगृहांच्या वा फिरत्या टॉकीजच्या मालकांच्या वारसांकडे कधी कधी प्रत्यक्ष रिळे सापडतात. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ती असिटेटची फिल्म असून कुजू लागली आहे. ती अन्य रिळांपासून वेगळी ठेवावी. १९५० पूर्वीचे रीळ असेल तर ते नायट्रेटचे समजूनच वागावे, विडी-काडी जवळ आणू नये, उन्हात वाळवू नये आणि प्रोजेक्टरवर चढविण्याचा मोह टाळावा. डब्यावरील चिठ्ठी, रिळाचा क्रमांक व चित्रपटाचे नाव लिहून घेऊन पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास कळवावे. १९६४ मध्ये स्थापन झालेली आणि २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग असलेली ही संस्था खासगी संग्राहकांकडून प्रिंट, भित्तिपत्रके, गीतपुस्तिका व छायाचित्रे स्वीकारते. डबा भंगारवाल्याकडे देण्यापूर्वी एवढा पत्रव्यवहार अवश्य करावा.